खडू घेऊन गाडी बघायला जा

पत्र:
काका, मी राजापूर तालुक्यात माध्यमिक शाळेत गणित शिकवते. यजमान बोटीवर असतात, वर्षातले सात-आठ महिने घरी नसतात. त्यामुळे गाडी मीच चालवणार. सध्या जुनी वॅगनआर आहे. रोज शाळेचे जाऊन-येऊन २८ किलोमीटर, महिन्यातून एकदा रत्नागिरी, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या घेऊन पुण्याला नणंदेकडे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, उंच गाडीत चढवत नाही, म्हणून मधल्या आकाराची सेडान घ्यायचं ठरवलंय. बजेट १५ लाख. दीर म्हणतात, कोकणात सेडान म्हणजे शुद्ध वेडेपणा. रत्नागिरीचं कोटेशन सोबत जोडलंय. कोल्हापूरचा डीलर तीच गाडी ८५ हजारांनी स्वस्त देतोय, पण ती गेल्या वर्षी मे महिन्यात बनलेली आहे. किंमत बरोबर आहे का? गाडी भरवशाची आहे हे कसं ओळखायचं? ऑटोमॅटिक घेऊ का? आणि रंग? मला पांढरा आवडतो, सासूबाईंना लाल.
एक शिक्षिका, राजापूर तालुका

उत्तर:
ताई, तुमचे दीर अर्धे बरोबर आहेत. मी चिपळुणात अठ्ठावीस वर्षं गॅरेज चालवलं. सेडानच्या पोटाखालचा पत्रा किती वेळा ठोकून सरळ केला याचा हिशोब नाही. पण त्यातल्या बहुतेक गाड्या महामार्गावर घासलेल्या नव्हत्या. त्या घासल्या होत्या मालकाच्या स्वतःच्या घाटीवर. रस्ता सोडून खळ्यात, म्हणजे अंगणात, शिरताना जी दहा-वीस फुटांची चढण असते ना, चिऱ्याच्या दोन पायऱ्यांवर सिमेंट ओतून केलेली, तिथे. आमचा एक मिस्त्री म्हणायचा, "गाडी बरी हाय, घाटी बरी नाय."

म्हणून शोरूमच्या आधी तुमच्या घाटीचा प्रश्न सोडवू. तुम्ही शिक्षिका, खडू घरात असणारच. टेस्ट ड्राइव्हची गाडी घरी मागवा. शोरूमच्या दारातला गुळगुळीत रस्ता काहीच सांगत नाही. राजापुरापर्यंत गाडी पाठवायला कुरकुर करतील, तरी आग्रह धरा, १५ लाखांचं गिऱ्हाईक आहात तुम्ही. गाडी आली की मागे सासूबाईंना आणि शेजारच्या दोघांना बसवा, डिकीत तांदळाची दोन पोती टाका. मग पुढच्या बंपरच्या खालच्या कडेला आणि दोन्ही दारांखालच्या पट्टीला ओला खडू जाड फासा आणि सावकाश घाटी चढा, उतरा. जांभ्यावर पांढरी रेघ उमटली की कुठे घासतंय ते कळलं. रेघ एकाच ठिकाणी असेल तर गवंड्याचं एका दिवसाचं काम आहे, उतार थोडा लांबवायचा. तीन ठिकाणी असेल तर दिरांचं ऐका.

कंपन्या जी उंची छापतात ती रिकाम्या गाडीची असते. होंडा सिटी आणि ह्युंदाई व्हर्ना १६५ मिलिमीटर, स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस १७९. कागदावर चौदा मिलिमीटरचा फरक, म्हणजे तुमच्या करंगळीच्या जाडीएवढा. पाच माणसं आणि सामान भरलं की सगळ्याच खाली बसतात, आणि कोणती किती बसते ते खडूच सांगेल. गाडी ठेवायचा मांगर असेल तर तोही मोजून घ्या. या सगळ्या साडेचार मीटरच्या वर लांब आहेत, वॅगनआरपेक्षा जवळजवळ तीन फूट जास्त.

आता सासूबाई. सेडानमध्ये बसणं सोपं असतं, उठणं अवघड. गुडघे दुखणाऱ्या माणसाला सीट कमरेच्या पातळीला लागते, फार उंच नको तशी फार खालीही नको. सेडानची सीट खाली असते, त्यामुळे आत जाताना माणूस आपोआप टेकतं, पण बाहेर येताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. तेव्हा त्यांना घेऊन जा, मागच्या सीटवर पाच मिनिटं बसवा आणि कोणाचा हात न धरता उतरायला सांगा. सेल्समन त्या वेळी स्क्रीनवरची गाणी दाखवत असेल, दाखवू दे. तुम्ही त्यांचा चेहरा बघा. जमत नसेल तर सेडान घेण्याचं तुमचं मुख्य कारणच उरत नाही.

जमलं असं धरून पुढे जातो.

गाडी भरवशाची आहे का, हे विचारताना लोक इंजिनाचं विचारतात. आजच्या या चारही गाड्यांची पेट्रोल इंजिनं नीट तेलपाणी केलं तर सहज लाखभर किलोमीटर ओढतात. कोकणात भरवसा म्हणजे गाडी बंद पडल्यावर तुम्ही किती दिवस एसटीने शाळेत जाणार, हे. तुमच्या घरापासून अधिकृत वर्कशॉप साठ किलोमीटरवर असेल तर ती एक गाडी, आणि तीच गाडी वर्कशॉप अणुस्कुरा घाट चढून कोल्हापूरला असेल तर ती दुसरी. शोरूम असणं आणि वर्कशॉप असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विकायला सगळे असतात.

तेव्हा प्रत्येक कंपनीच्या जवळच्या वर्कशॉपला फोन लावा. विक्री विभागाला लावू नका, स्पेअर पार्टच्या काउंटरला लावा. तीन वस्तू विचारा: पुढचा बंपर, पुढच्या चाकाचा लोअर आर्म (चाक गाडीला धरून ठेवणारा खालचा दांडा), आणि पुढची काच. किंमत किती आणि आज शेल्फवर आहे का. "मागवावा लागेल, आठ-दहा दिवस" असं तिन्हींना उत्तर आलं तर ती गाडी कितीही छान असो, तुमच्यासाठी नाही. यजमान घरी असते तर वेगळं बोललो असतो.

गाडीची जात ओळखायला दोन-तीन गोष्टी पुरतात. मॉडेल बाजारात येऊन किती वर्षं झाली ते बघा. पहिल्या वर्षाची गाडी घेऊ नये, कारण कारखान्यात न सापडलेल्या खोडी पहिल्या गिऱ्हाइकांच्या दारात सापडतात. या चौघींना तो धोका उरलेला नाही. सध्याची सिटी २०२० ची, स्लाव्हिया आणि व्हर्टस २०२२ च्या, व्हर्ना २०२३ ची. मारुतीची सियाझ २०१४ मध्ये आली आणि २०२५ मध्ये बंद झाली. गावोगावी मिस्त्री असलेल्या कंपनीकडे आता या आकाराची सेडानच नाही, हे आपल्या बाजूच्या लोकांचं दुर्दैव.

इंजिन साधं की टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर जास्त हवा आत कोंबून ताकद काढणारं? तुमचं रोजचं धावणं शाळेपर्यंत चौदा किलोमीटर, थांबत थांबत. साधं दीड लिटरचं इंजिन तुम्हाला पुरतं. सिटीत तेच आहे, व्हर्नात साधंही मिळतं आणि टर्बोही. स्लाव्हिया-व्हर्टसमध्ये एक लिटर आणि दीड लिटर, दोन्ही टर्बो. घाटात टर्बोची ओढ सुखाची असते हे खरं, पाच माणसं घेऊन अणुस्कुरा चढताना फरक कळतो. पण टर्बो म्हणजे जास्त उष्णता, तेलाबाबत कडक शिस्त आणि बिघडला तर मोठं बिल. वर्षातून दोनदा घाट चढायला रोजची डोकेदुखी कशाला?

ऑटोमॅटिक जरूर घ्या, गुडघे तुमचेही आहेत. फक्त कोणतं ते बघा, सगळ्या ऑटोमॅटिक एका जातीच्या नसतात. सिटीत आणि साध्या इंजिनाच्या व्हर्नात सीव्हीटी येतो, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा प्रकार. घाटात इंजिन घुरघुरतं, ते ऐकायला बरं नाही, पण बाकी शांत स्वभावाचा. एक लिटरच्या स्लाव्हिया-व्हर्टसमध्ये सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आहे, तो क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा, जुना आणि मजबूत प्रकार. दीड लिटर टर्बोत सात गिअरचा ड्युअल क्लच, त्यात दोन क्लच आलटून-पालटून गिअर बदलतात. चालवायला यासारखं सुख नाही, पण इंचाइंचाने सरकणाऱ्या रहदारीत क्लच तापतो. फोक्सवॅगनच्या सात गिअरच्या ड्युअल क्लचपायी २०१३ मध्ये चीनमध्ये ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. त्याला बरीच वर्षं झाली, सुधारणाही झाल्या. तरी चतुर्थीच्या आदल्या दिवशीचा मुंबई-गोवा महामार्ग ज्याने पाहिलाय तो माझं म्हणणं समजेल. आणि ऑटोमॅटिक कोणतीही असो, चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेक दाबा.

अपघाताचं बोलायला कोणाला आवडत नाही, म्हणून एकच वाक्य: स्लाव्हिया, व्हर्टस आणि व्हर्ना या तिघींना ग्लोबल एनकॅप या गाड्या आदळून सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेच्या २०२३ मधल्या चाचण्यांत पाच तारे मिळालेत.

आता तुमचं कोटेशन. हे मला फार आवडलं, कारण कोटेशनच्या कागदावर माणसाचा स्वभाव दिसतो.

एक्स-शोरूम १२,६०,०००. आरटीओ १,५८,०००. विमा ६२,०००. टीसीएस १२,६००. वाढीव वॉरंटी २४,०००. ॲक्सेसरी किट २८,५००. हँडलिंग ९,५००. फास्टॅग ६००. एकूण १५,५५,२००. बेरीज बरोबर आहे, ती तुम्ही तपासली असणारच.

खालून वर वाचत जाऊ. हँडलिंग म्हणजे गाडी डीलरच्या गोदामातून शोरूमपर्यंत आणायची हाताळणी. अहो, दुकानात माल आणणं हा दुकानदाराचा धंदा. हे कशाचे ते लेखी मागा, बहुतेकदा ओळच गायब होते. ॲक्सेसरी किटमध्ये मॅट, सीट कव्हर, चिखल अडवायचे रबर, दारांवरच्या पट्ट्या असतात. चिखलाचे रबर घ्या, आपल्याकडे लागतातच, बाकी बाहेरून निम्म्या पैशांत. वाढीव वॉरंटी मात्र ठेवा. ऑटोमॅटिक गाडी आणि दूरचं वर्कशॉप, तिथे हे २४ हजार वाया जात नाहीत. फक्त ती कंपनीची आहे की डीलरने कुठल्या भलत्याच विमावाल्याची चिकटवलीय, ते विचारा.

टीसीएस हा खर्चच नाही. दहा लाखांवरच्या गाडीवर एक टक्का आयकर आधी कापून घेतात, विवरणपत्र भरताना तुमच्या नावावर जमा दिसतो. बिल तुमच्या पॅनवर करा. यजमान बोटीवरचे, त्यांचं आयकराचं गणित वेगळं असतं, पैसे अडकून बसतील.

आरटीओच्या आकड्यात महाराष्ट्राचा एकरकमी कर पेट्रोल गाडीला दहा ते वीस लाखांच्या टप्प्यात १२ टक्के, म्हणजे १,५१,२००. उरलेल्या ६,८०० मध्ये नोंदणी, कर्जाचा बोजा चढवण्याचं शुल्क वगैरे काय काय आहे, ते सरकारी पावत्यांशी जुळवून घ्या. पावतीच्या वर एक रुपया नको. नंबरप्लेटचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीची उच्च सुरक्षा पाटी गाडीच्या किमतीतच धरलेली असते.

तुम्ही पत्राच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहिलंय, "जीएसटी कमी झाल्याने गाडी अकरा टक्क्यांनी स्वस्त झाली असं सेल्समन म्हणाला, मग किंमत एवढी कशी?" तो लहान गाडीचा पाठ तुम्हाला वाचून दाखवत होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवरचा कर २९ वरून १८ टक्के झाला. तुमची सेडान चार मीटरच्या बाहेर. तिच्यावर २८ टक्के जीएसटी आणि १७ टक्के उपकर मिळून ४५ टक्के होते, ते आता सरळ ४० झाले. करमुक्त किंमत ९ लाख धरली तर आधी १३,०५,०००, आता १२,६०,०००. फरक ४५ हजार, म्हणजे जुन्या किमतीच्या साडेतीन टक्क्यांच्याही आत. वर्गात टक्केवारी शिकवताना हे उदाहरण घ्या, मुलं विसरणार नाहीत.

इथे एक आगाऊ सल्ला देतो, रागावू नका. याच कराच्या रेषेच्या अलीकडे मारुतीची डिझायर उभी आहे. तीही सेडानच, सीट तशीच खाली, २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळालेली, आणि मिस्त्री जवळपास सगळीकडे. लाखो रुपयांचा फरक पडतो. डिकी मात्र ३८२ लिटरची, तुम्ही बघताय त्या सगळ्यांची पाचशेच्या वर. मेमधल्या पेट्या हा वर्षातला एक फेरा आहे, आणि पुण्याला पेट्या टेम्पोनेही जातात. एवढं बोलून गप्प बसतो. पाचव्या माणसाला मागे नीट बसता यावं आणि महामार्गावर जड गाडीचा आधार वाटावा असं तुम्हाला वाटत असेल तर मोठीच घ्या, त्यात चूक नाही.

कोल्हापूरची गाडी. ८५ हजार ऐकायला गोड. पण नोंदणी पुस्तिकेवर बनल्याचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं आणि तुम्ही ती विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक आधी तोच आकडा वाचेल. तुमच्या हातात नवी असली तरी बाजारात ती एक वर्षाने मोठी. शिवाय इतके महिने ती कुठे उभी होती? उन्हात की पत्र्याखाली? टायरच्या बाजूला लांबट चौकटीत चार आकडे असतात. १८२५ म्हणजे २०२५ चा अठरावा आठवडा, एप्रिलची अखेर ते मेची सुरुवात. चारही टायरवर आणि स्टेपनीवर हा आकडा वाचा. एखाद्याचा बराच वेगळा निघाला तर ते चाक का बदललं, हे विचारायचं. बॅटरी किती व्होल्ट दाखवते, किलोमीटरचा काटा किती, वायपरचं रबर कडक झालंय का, बॉनेटखाली उंदराच्या लेंड्या आहेत का. हसू नका, हा प्रश्न मी गंभीरपणे विचारतोय, नव्या गाडीच्या वायरी कुरतडलेल्या मी पाहिल्यात.

माझ्या मते जुन्या वर्षाच्या गाडीवर सूट निदान एक लाखाच्या वर हवी. विकताना एका वर्षाचा घसारा त्याहून कमी बसत नाही. आणि रत्नागिरीवाल्याला कोल्हापूरचं कोटेशन दाखवा. त्याने हँडलिंग आणि किट काढून वर तीस-चाळीस हजार सोडले तर त्याच्याकडूनच घ्या. पुढची दहा वर्षं तुम्हाला त्याच्याच दारात जायचंय. महिनाअखेर गाठा, त्यांनाही आकडा पूर्ण करायचा असतो. आणि बोलणी स्वतः करा. दिरांना न्यायचंच तर बाहेर चहा प्यायला बसवा, नाहीतर सेल्समन सगळं त्यांनाच समजावत राहील.

कर्ज घेणार असाल तर हप्ता किती हे विचारू नका, एकूण व्याज किती ते विचारा. दहा लाख, नऊ टक्के, पाच वर्षं: हप्ता २०,७५८ आणि व्याज साधारण २ लाख ४६ हजार. सात वर्षं केली की हप्ता सोळा हजारांवर येतो, व्याज साडेतीन लाखांवर जातं.

विम्यावर मात्र कंजुषी नको. हे ६२ हजार डीलरच्या पसंतीच्या कंपनीचे आहेत. तसाच विमा तुम्ही बाहेरून घेऊ शकता, सक्ती करता येत नाही. दोन कलमं असल्याशिवाय सही करू नका: झीरो डेप, म्हणजे घसारा न कापता भागांचे पैसे देणारं, आणि इंजिन प्रोटेक्शन. साध्या विम्यात प्लास्टिक-रबरच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात, आणि आजचा अख्खा बंपर प्लास्टिकचा.

दुसऱ्या कलमाचं सांगतो. २२ जुलै २०२१. चिपळुणात वाशिष्ठी नदी शिरली त्या दिवशी माझ्या गॅरेजात छातीभर पाणी होतं. पाणी ओसरल्यावर एका ओळखीच्या माणसाची सेडान त्याच्या आवारात चिखलात उभी होती. मी येतो म्हणून सांगितलं होतं, पण मुलाला धीर निघाला नाही. त्याने बटण दाबलं. "टक" असा एकच आवाज झाला. सिलिंडरमध्ये पाणी होतं, पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकला. विमा कंपनीने सीट, वायरिंग, कार्पेटचे पैसे दिले, इंजिनाचे नाही, कारण ते कलम घेतलेलं नव्हतं. तुमच्या राजापुरात अर्जुना-कोदवलीचं पाणी जवाहर चौकात येतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. बाजारात गाडी लावली आणि पाणी चढलं तर बटणाला हात लावू नका, सरळ उचलून न्यायला सांगा. कलम असूनही, भिजलेली गाडी चालू केली म्हणून दावा अडू शकतो.

घरी आल्यावर गाडी आंब्याखाली लावू नका. सावली चांगली असते, पण मोहोर आणि पाला पुढच्या काचेखालच्या जाळीत जातो, तिथली पाण्याची वाट बुजते आणि जुलैमध्ये ड्रायव्हरच्या पायाशी पाणी साचतं. लोक म्हणतात काच गळते. काच गळत नाही, मोहोर अडकलेला असतो. खाऱ्या हवेसाठी पोटाखाली अँटीरस्ट जरूर मारा, पण दारांच्या आणि पट्टीच्या खाली पाणी निघायची बारीक भोकं असतात ती बुजवू नका म्हणून उभं राहून सांगा. बुजली की पत्रा आतून कुजतो आणि वरून रंग छान दिसत राहतो. पावसाळ्यात चार दिवस गाडी हलणार नसेल तर सपाटीवर लावा, चाकाला दगड द्या आणि हँडब्रेक ओढू नका, नाहीतर गंजून चिकटतो.

रंगाचं विचारलंत. तुम्हाला पांढरा आवडतो आणि सासूबाईंना लाल. पांढरी गाडी आमच्या तांबड्या रस्त्यावर मे महिन्यात दुपारपर्यंत गुलाबी होते. सासूबाईंचं ऐका.